चौदाव्या प्रकरणाला मज्जाव

बुधवारी सकाळी साडेदहा वाजता अप्पांना त्यांच्याच घरात, त्यांच्याच खुर्चीत बसलेले असताना 'परवानगी नाकारली' असं कळवण्यात आलं. कळवणारा माणूस असता तर अप्पांनी त्याला 'कोणत्या नियमान्वये?' असं विचारून तिथल्या तिथे गार केलं असतं. पण कळवत होता तो कपाटाशेजारचा काळा, बुटांच्या खोक्याएवढा कॉम्प्युटर. त्याला ना खुर्ची, ना हुद्दा, ना वरिष्ठ. अशा गृहस्थाशी भांडायचं तरी कोणत्या तोंडाने?

त्यात अप्पा म्हणजे साधे निवृत्त नव्हेत. एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कचेरीचं अभिलेख दालन सांभाळलं होतं. त्या दालनात, शेवटचे काही महिने सोडले तर, चिठ्ठीशिवाय कोणी पाऊल टाकलं नाही. एकदा खुद्द मोठे साहेब चिठ्ठी विसरून आले तर अप्पांनी त्यांना बाकावर बसवून पाणी दिलं, पण आत सोडलं नाही. 'परवानगी नाकारली' हे शब्द अप्पांनी आयुष्यात हजारो वेळा लिहिले होते. ते वाचायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली होती, आणि ते वाचायला इतके उद्धट लागतात याची त्यांना कल्पना नव्हती.

प्रकरण असं होतं. अप्पांच्या पत्नीला सगळे 'बाई' म्हणत, कारण त्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या होत्या. आता त्या दृष्टिहीनांच्या एका केंद्रासाठी पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करत. झोपायच्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या टांगून, पंखा बंद करून, घामाघूम होत वाचायच्या. ते वाचन काळ्या खोक्यात ठेवलं की केंद्राचे बत्तीस श्रोते आपापल्या घरी बसून ऐकत. खोकं केंद्राने दिलेलं होतं आणि ते लावून दिलं होतं बाईंच्या भाचीने. ती कॉम्प्युटरच्या सुरक्षेच्याच कामात होती, त्यामुळे तिने खोक्यावर चांगला कडक पहारा बसवला होता. पहिली तेरा प्रकरणंही तिनेच चढवली. मग तिची बदली झाली. जाताना तिने विचारलं, "शेवटचं एक प्रकरण राहिलंय, कोण करेल?"

"तेवढं मी करीन," अप्पा म्हणाले.

पुस्तक रहस्यकथेचं होतं. एका घड्याळजीचा त्याच्याच बंद दुकानात खून होतो. तेराव्या प्रकरणाच्या शेवटी तपास अधिकारी सगळ्या संशयितांना दुकानात गोळा करतो, सगळी घड्याळं थांबवतो, आणि एकाकडे बोट दाखवतो. कोणाकडे, ते चौदाव्यात होतं. बत्तीस माणसं आठवडाभर त्या बोटाच्या टोकाशी खोळंबली होती.

अप्पांनी चौदावं प्रकरण आपल्या फोल्डरमधून उचललं आणि श्रोत्यांच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवलं. फाइल तिथे दिसत होती. नाव बरोबर. मालक म्हणून अप्पांचंच नाव. पण श्रोत्यांच्या पानावरून ती वाजवायला गेलं की उत्तर एकच: परवानगी नाकारली.

संध्याकाळी पाचला फोन आला. केंद्रातल्या श्रोत्यांचं पुढारीपण एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटरबाईंकडे होतं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे फोन जोडून दिले होते, त्यामुळे त्यांच्या आवाजात 'थांबा' हा शब्दसुद्धा लोण्यासारखा यायचा.

"अप्पा, चौदावं कधी येतंय?"

"तांत्रिक अडचण आहे."

"ती मला कळते हो. पण आमच्यातले एक आजोबा ब्याण्णव वर्षांचे आहेत. परवा ते म्हणाले, मी जायच्या आधी तेवढा खुनी कळू द्या."

अप्पांनी फोन ठेवला. निरोप त्यांनी बाईंना सांगितला नाही. बाईंनी तो शेजारून आपल्या कानांनी ऐकला होता.

गुरुवारी सकाळी वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य जिन्यात भेटले. अप्पांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी आधी दाढ दुखते का म्हणून विचारलं, आणि दाढ नाही हे कळल्यावर जरा हिरमुसले. पण कॉम्प्युटर म्हटल्यावर परत खुलले. दंतवैद्याला सल्ला देताना समोरून उत्तर येण्याची सवय नसते. समोरच्याचं तोंड उघडं असतं, पण त्यात कापूस असतो. त्यामुळे त्यांचा सल्ला एकदा सुरू झाला की चूळ भरायला सांगेपर्यंत थांबत नसे.

"सोप्पं आहे," ते खुर्ची ओढून बसत म्हणाले. "फाइलला परवानग्या कमी पडतायत. सगळ्यांना सगळं द्यायचं. वाचा, लिहा, चालवा, घरी न्या."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

"जगाला."

अप्पांनी कळफलकावरून बोट मागे घेतलं. पण डोळ्यांपुढे ब्याण्णव वर्षांचे आजोबा आले आणि त्यांनी डोळे मिटून जगाला परवानगी दिली. मग परत वाजवून पाहिलं. परवानगी नाकारली.

"आता जगाला आहे आणि मला नाही?" अप्पांनी विचारलं.

"विचित्र आहे," दंतवैद्य म्हणाले, आणि पेशंट आल्याची आठवण होऊन वर गेले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला देऊन झालं, तरी वैद्याची प्रतिष्ठा शाबूत होती.

मग अप्पांनी रीतसर मार्ग धरला. केंद्राच्या संगणक विभागाला फोन केला. पलीकडे एक अधिकारी बाई होत्या. आवाज शांत, थंड आणि अप्पांना कुठेतरी ओळखीचा वाटणारा.

"फाइलचा मालक मी आहे," अप्पांनी सुरुवात केली.

"मान्य आहे."

"कॉम्प्युटर माझ्या घरात आहे."

"नोंद आहे."

"मग मला अडवतो कोण?"

"धोरण," अधिकारी बाई म्हणाल्या. "मालकाने परवानगी देणं वेगळं आणि धोरणाने देणं वेगळं. आपण घरमालक असाल, पण दारावरचा पहारेकरी आपण नेमलेला नाही. आपण त्याला रागावलात तरी तो ऐकणार नाही. तसंच अपेक्षित आहे."

"त्याची तक्रार कुठे करायची?"

"विहित नमुन्यात अर्ज. त्यासोबत नकाराच्या नोंदीची प्रत जोडायची. नोंद आपल्याच यंत्रात आहे. कामाचे सात दिवस लागतील."

फोन ठेवल्यावर अप्पांना आठवलं की तो आवाज कोणाचा होता. तो त्यांचाच होता, साधारण वीस वर्षांपूर्वीचा.

तरीही अप्पांनी नोंद शोधून काढली, आणि इथे एक अवघड गोष्ट घडली: त्यांना ती आवडली. 'नाकारलं' हा शब्द आधी. मग काय करायला नाकारलं: वाचायला. कोणाला: श्रोत्यांचं पान चालवणाऱ्या प्रोग्रामला. कोणती फाइल, तिच्यावर कसली चिठ्ठी, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ. अप्पांच्या दालनातल्या वहीत वेळ फार तर 'दुपारी' अशी असायची. त्यांनी नोंद दोनदा वाचली. त्यातला चिठ्ठीचा भाग त्यांना नीट कळला नाही, तेव्हा त्याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं. सगळा घोळ तिथेच होता हे पुढे कळलं. पण न कळलेल्या मजकुरावर खूण करून पुढे सरकायचं, ही कचेरीची जुनी रीत.

शुक्रवारी पाच वाजता ऑपरेटरबाईंचा फोन आला. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "मी फोन धरून आहे, अप्पा." आणि खरंच दोन मिनिटं धरून बसल्या.

बाईंनी त्या रात्री जेवताना तो विषय काढला नाही. पण अप्पांनी मीठ मागितल्यावर म्हणाल्या, "परवानगी आहे का बघा."

शनिवारी सकाळी दंतवैद्य नव्या औषधासह खाली उतरले. "पहारेकऱ्याला गप्प बसवायची एक युक्ती मिळाली. काढून नाही टाकायचा. दारातच बसवायचा. फक्त अडवायचं नाही. येईल त्याला आत सोडायचं आणि वहीत नाव लिहून ठेवायचं."

"नाही," अप्पा म्हणाले.

"अहो, एक ओळ टाइप केली की..."

"नाही म्हटलं ना."

दंतवैद्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीकडे बघू लागल्या. त्यांना माहीत होतं. निवृत्तीच्या आधीच्या आठ महिन्यांत नवे साहेब आले होते आणि त्यांनी अप्पांना हेच सांगितलं होतं: आता कुणाला अडवू नका, नुसती नोंद ठेवा. अप्पा आठ महिने दालनाच्या दारात स्टुलावर बसले. माणसं गप्पा मारत, पान उलटावं तशी त्यांच्यावरून आत-बाहेर करत राहिली. अप्पांनी प्रत्येकाचं नाव वळणदार अक्षरात लिहिलं. ती वही कोणी उघडून पाहिली नाही. निरोपसमारंभात त्यांना घड्याळ मिळालं, भाषणंही झाली. पण घरी येऊन ते पहिल्यांदा बोलले ते तिसऱ्या दिवशी.

"पहारेकऱ्याला पगार द्या नाहीतर घरी पाठवा," अप्पा दंतवैद्यांना म्हणाले. "पण दारात बसवून त्याची शोभा करू नका."

दंतवैद्यांनी खुर्ची जरा जवळ ओढली. मग अत्यंत नरमाईने म्हणाले, "मग नियमच करू या का?"

अप्पांची मान वळली.

"म्हणजे असं. यंत्र स्वतःच नकाराच्या नोंदी वाचतं आणि त्यावरून नवा नियम लिहून देतं. आपण फक्त मंजूर करायचा. सगळं लेखी."

'लेखी' या शब्दाने अप्पांचा घात केला. आजवर त्यांना कोणी लाच देऊ केली नव्हती, आणि केली असती तर अशाच शब्दांत करावी लागली असती. नियम तयार झाला. अप्पांनी मंजूर केला. मग वाजवून पाहिलं तर नकार, पण यावेळी वेगळा. फाइल बघायला परवानगी मिळाली होती, उघडायला नव्हती. नियमात भर घातली. आता उघडायला मिळाली, वाचायला नाही. पुन्हा भर. दंतवैद्यांना मुळाशी जायची सवयच होती. त्यांनी दर महिन्याला हा त्रास नको म्हणून श्रोत्यांच्या पानाला अप्पांच्या फोल्डरची वाटही कायमची जोडून दिली. चौथ्या खेपेला नकार आला नाही.

"झालं," दंतवैद्य म्हणाले. "दोन तास काही चावू नका," असं सवयीने म्हणता म्हणता राहिले.

नियम खरोखरच नीट लिहिलेला होता. फक्त तो 'चौदाव्या प्रकरणाला' असा नव्हता. तो 'घरगुती फाइलींना' असा होता. सगळ्या.

आणि अप्पांच्या फोल्डरमध्ये फक्त बाईंचं वाचन नव्हतं. अभिलेख म्हटला की त्याला सूची हवी, असं अप्पांचं मत. म्हणून प्रत्येक प्रकरण ऐकून झालं की ते बाईंच्या नकळत त्याच यंत्रावर एक छोटा सारांश बोलून ठेवत. चौदाव्याचाही ठेवलेला होता. खरं तर चौदावं त्यांनी ऐकलेलंच नव्हतं. पण नवव्या प्रकरणातच त्यांना खुनी समजला होता, तेव्हा उगाच थांबायचं कशाला, म्हणून सारांश आगाऊच करून टाकला होता. ज्याचा निकाल आपण देऊन बसलो त्याची सुनावणी ऐकायची नसते, हाही कचेरीचाच संस्कार.

श्रोत्यांना पडद्यावर शोधाशोध करावी लागू नये म्हणून ते पान अजून न ऐकलेल्या क्रमांकाचं काही आलं की आपोआप वाजवायचं. एकाच क्रमांकाच्या दोन फाइली आल्या तर छोटी तेवढी वाजवून थांबायचं. त्यामुळे शनिवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, आठवडाभर वाट पाहिलेल्या बत्तीस माणसांनी आपापल्या घरी कान टवकारले, आणि बाईंच्या आवाजाऐवजी एक कोरडा, पुरुषी, खाकरून सुरू झालेला आवाज ऐकला:

"प्रकरण चौदावे. पाने बावीस. आशय: घड्याळजीचा खून डॉक्टरच्या बहिणीने केल्याचे निष्पन्न. शेरा: सदर बाब नवव्या प्रकरणातच ध्यानी येते. समाप्त."

पहिला फोन बारा वाजून बारा मिनिटांनी आला. तो बाईंनी घेतला. त्या नुसतं "हो", "हो", "कोणाचा आवाज?", "हो" एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी फोन ठेवला, अप्पांकडे एकदा पाहिलं, झोपायच्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लावली.

अप्पा बंद दारापाशी उभे राहिले. आतून दबलेले हुंदके ऐकू येत होते. एका बाईने महिनाभर गोधड्यांच्या अंधारात घाम गाळून जे राखून ठेवलं होतं, ते त्यांनी वीस सेकंदांत, शेऱ्यासकट, चव्हाट्यावर मांडलं होतं.

"अगं," ते दाराला म्हणाले.

हुंदके वाढले.

शेवटी अप्पांनी भाचीला फोन लावला. इतके दिवस लावला नव्हता, कारण 'तेवढं मी करीन' म्हणाल्यावर तो कसा लावायचा?

"काका, एक सांगा," सगळं ऐकून ती म्हणाली. "फाइल तुम्ही हलवली की तिची नक्कल केली?"

"हलवली. एका कागदाच्या दोन प्रती म्हणजे दोन भांडणं."

"तिथेच फसलं. नक्कल केली असती तर तिला नव्या जागेची चिठ्ठी लागली असती. हलवलेली फाइल आपली जुनी चिठ्ठी घेऊनच जाते. तुमच्या चौदाव्या प्रकरणावर अजून 'घरगुती' असं लिहिलंय. दारावरचा पहारेकरी मालक कोण, परवानग्या किती, हे बघतच बसत नाही. तो चिठ्ठी बघतो."

अप्पांनी नोंद परत उघडली आणि चिठ्ठीच्या ओळीवर बोट ठेवून ती वाचली.

"काका, आहात ना?"

"आहे. म्हणजे त्याने बरोबर अडवलं."

"अगदी बरोबर."

"नोंदीत लिहिलं होतं त्याने. मीच वाचलं नाही."

भाचीने तीन गोष्टी करून घेतल्या. दंतवैद्यांचा नियम रद्द. फोल्डरला जोडलेली वाट आणि जगाला दिलेली परवानगी मागे. आणि एक ओळ टाइप करून श्रोत्यांच्या फोल्डरमधल्या फाइलींवर त्या जागेच्या योग्य चिठ्ठ्या. सगळं मिळून चार मिनिटं. शेवटच्या ओळीनंतर यंत्राने काहीच म्हटलं नाही. ना शाबासकी, ना सूचना. अप्पांना ते पटलं. काम झाल्यावर बोलायचं काय कारण?

चौदावं प्रकरण वाजू लागलं. बाईंचा आवाज शांतपणे दुकानातल्या थांबलेल्या घड्याळांवरून फिरायला लागला. अप्पांना ते ऐकवेना. त्यांनी आवाज बंद केला आणि चपला घालून बाहेर पडले. मग चौकापर्यंत जाऊन, आपण कुठेच जात नाही आहोत हे लक्षात येऊन, परत आले.

त्या दिवशी बाई फारसं बोलल्या नाहीत. मध्येच तोंडाला पदर लावायच्या आणि घाईघाईने आत जायच्या. प्रत्येक वेळी अप्पांचं काळीज एकेक बोट खाली जायचं. रविवारी पाचला फोन वाजला तेव्हा बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तुम्हीच घ्या."

"अप्पा," ऑपरेटरबाई म्हणाल्या, "ती बहीण नव्हती."

"कोण?"

"डॉक्टरची बहीण. तिने खून केलाच नाही. सगळं प्रकरण ऐकलं आम्ही. तुमचा खुनी चुकला."

खरा खुनी कोण ते इथे सांगणं योग्य होणार नाही, केंद्रात अजून दोघांचं ऐकायचं राहिलं आहे. पण अप्पांना ते फोनवर सांगण्यात आलं आणि त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. त्या माणसावर त्यांनी एकाही प्रकरणात संशय घेतला नव्हता. उलट पाचव्या प्रकरणाच्या सारांशात त्याच्याविषयी 'सचोटीचा गृहस्थ' असा शेरा मारला होता.

आता एकेक उलगडा झाला. बाईंनी पुस्तक पूर्ण वाचलं होतं. बहीण निर्दोष आहे हे त्यांना पहिल्या फोनपासून ठाऊक होतं. बंद दारामागचे ते हुंदके हुंदके नव्हते. स्वयंपाकघरात आत्ता भांडी जी जरा जास्तच वाजत होती, तीही उगाच नव्हती.

"तुमच्या आवाजात असा काही अधिकार होता," ऑपरेटरबाई सांगत होत्या, "की बत्तीसपैकी एकोणतीस जणांनी बहिणीला धरूनच पुढचं ऐकलं. मी चाळीस वर्षं आवाज ऐकतेय, कुणावर विश्वास टाकत नाही. पण तुमच्यावर टाकला. त्यामुळे शेवटी जो दचका बसला तो काही विचारू नका. आजोबा तर उठून बसले. म्हणाले, आता इतक्यात जाण्यात अर्थ नाही." त्या थांबल्या. "मुद्दाम केलंत ना? आम्हाला चकवायला?"

प्रश्न अतिशय सोयीचा होता. एक 'हो' म्हटलं की अप्पा एका दमात गुपित फोडणारा आणि मूर्ख या दोन्ही आरोपांतून सुटून थेट कल्पक माणसांत जाऊन बसले असते. कोणी तपासणार नव्हतं. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

अप्पांनी खाकरून घसा साफ केला.

"नाही," ते म्हणाले. "चूक झाली. माझी."

अडतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्या घरात कोणी प्रथमच बोललं होतं. बाई ओला पेला हातात धरून दारापर्यंत आल्या, बोलणारा माणूस तोच आहे याची खात्री करून घेतली, आणि पेला पुसायला परत आत गेल्या.

"बरं," ऑपरेटरबाई जरा विचार करून म्हणाल्या. "मग पुढच्या पुस्तकालाही एक चूक करून द्याल का? शेवटच्या प्रकरणाच्या आधी. सगळ्यांचीच तशी इच्छा आहे."

अप्पांनी थोडा वेळ घेतला. असा निर्णय तोंडी आणि तडकाफडकी देण्यासारखा नव्हता.

"लेखी विनंती आली," ते म्हणाले, "तर विचार करता येईल."